मंदाताईंना धावू देऊ नका

जोहे या गावात खोली घेऊन राहायला गेलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे मी एका अनोळखी बाईच्या मागे धावलो. वाचून कुणाच्या भुवया वर गेल्या असतील तर त्यांनी त्या कृपया खाली घ्याव्यात. मी शाळामास्तर, गाव रोहा, बदली जोह्याजवळच्या शाळेत. रक्तात नुकतीच साखर निघालेली आणि डॉक्टरांनी रोज हातपाय हलवायला सांगितलेलं. दारात बसून नवे बूट चढवत होतो, तेवढ्यात सलवार-कमीज घातलेली, ओढणी कमरेला गच्च आवळलेली एक बाई शेजारच्या हमरापूर गावाच्या दिशेनं सुसाट गेली. मला वाटलं, कुणाच्या तरी घरी काहीतरी झालं. साप चावला, आग लागली, छातीत दुखलं. मीही निघालो. दोन शेतं मागे पडेपर्यंत माझा श्वास संपला आणि मी ओरडलो, "अहो ताई, काय झालं? कुणाला न्यायचंय का?"

ती थांबली नाही. मान वळवून म्हणाली, "कुनाला काय नाय झालं. तुमाला काय झालं?"

त्या मंदाताई. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायच्या. नवरा अनंतदादा मूर्ती घडवायचा, रंगकाम दोन-तीन मुलींकडे, पण डोळे मंदाताईंचे. पाटावर मांडी घालून बसायचं, समोर जमिनीवर मूर्ती, हातात बारीक ब्रश, आणि श्वास रोखून एक रेघ. दिवसाला किती डोळे आखत असतील ते त्यांनी कधी मोजलं नाही. गावात कुणाला सांगायचं झालं तर लोक म्हणायचे, "धावते ती गो, डोलेवाली." दोन्ही गोष्टी एकाच बाईत कशा, हे गावाला कळत नव्हतं आणि सुरुवातीला मलाही.

असा फसलेला मी पहिला नव्हतो. नऊ-दहा वर्षांपूर्वी त्या पहिल्यांदा धावल्या तेव्हा चार माणसं मागे धावली होती, त्यातल्या एकाच्या हातात पाण्याची बादली होती. गावात बाई धावते म्हणजे कुठेतरी आग असणारच. चौघांनी गाठल्यावर मंदाताई म्हणाल्या, "व्यायाम करते." दुसऱ्या दिवशी परत धावल्या. तिसऱ्या दिवशी बादलीवाला घरीच थांबला.

माझं धावणं त्यांच्यामुळे टिकलं. फक्त अट होती. मास्तर आणि परक्याची बायको शेजारी शेजारी धावताना दिसली तर गाव दोन दिवसांत गोष्ट रचेल, म्हणून मी वीस पावलं पुढे आणि त्या मागे. त्यामुळे आमचं सगळं बोलणं ओरडून चालायचं. माझी साखर, माझ्या मुलाचा निकाल, त्यांच्या जावेचे गुडघे, सगळं रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांना आमच्याइतकंच ठाऊक असायचं. "म्हंजे लपवायला काय ऱ्हातच नाय," असं त्या म्हणायच्या. मला हा युक्तिवाद पटायचा आणि तरी काहीतरी उलटं वाटायचं.

त्यांची भाषा सगळी कारखान्यातली. कुठल्याही गोष्टीचा निकाल लावायची त्यांना घाई नसे. पुतणीला स्थळ आलं, घरात सगळे होकाराला उतावीळ, तर या म्हणाल्या, "ओली हाय अजून. ओली मूर्ती उचलली का तिचा हात तुटतो." मी नव्या बुटांनी पहिल्याच आठवड्यात मोठी मजल मारायचं ठरवलं तेव्हाही तेच. "सर, ओले हाव तुमी अजून."

मग त्यांचा डावा खुबा दुखायला लागला. आधी धावताना, मग चालताना, मग पाटावरून उठताना. वर्षभर त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मागून येणारा पावलांचा आवाज बदलला होता, एक जड आणि एक हलका, पण मी मुकाट पुढे धावत राहिलो, याची मला अजून लाज वाटते. शेवटी एका सकाळी मागून आवाजच येईना. वळून बघितलं तर त्या मैलाच्या दगडाला धरून उभ्या होत्या, चेहरा राखेसारखा.

पनवेलच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, सांधा झिजून गेलाय, बदलावा लागेल. गावात लगेच दोन तट पडले. एक म्हणायचा, धावल्यानं झालं. दुसरा म्हणायचा, इतकी वर्षं मांडी घालून बसल्यानं. पुढच्या खेपेला मंदाताईंनी डॉक्टरांनाच विचारलं. डॉक्टर म्हणाले, दोन्हीनं नाही, आणि दोन्हीनं थोडं थोडं. मी गणिताचा माणूस, मला एक उत्तर लागतं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "म्हणजे नक्की काय?" मंदाताई म्हणाल्या, "म्हंजे त्यालापन ठाव नाय. बरा हाय डॉक्टर, खोटा बोलत नाय."

अनंतदादा आमच्याबरोबर होता. तो काहीच बोलला नाही. अनंतदादाबद्दल एवढं सांगितलं पाहिजे की तो कधीच काही बोलत नसे. जेवायला वाढू का, तर मान हलायची, पण ती हो अशी की नाही अशी हे वाढणाऱ्यानं ठरवायचं.

शस्त्रक्रिया झाली. घरी जायच्या वेळी नर्सनं नियम सांगितले. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, खाली वाकायचं नाही, पाटावर तर नाहीच. झोपताना दोन पायांच्या मध्ये उशी. जोह्यातल्या घरात संडास जुन्या पद्धतीचा, म्हणून मंदाताईंना माहेरी, अष्टमीला भावाकडे आणलं. अष्टमी म्हणजे रोह्याच्या समोर, कुंडलिका नदीवरचा पूल ओलांडला की झालं. मी शनिवार-रविवार रोह्याला घरी असायचो, त्यामुळे माझी फेरी व्हायची.

तिथे सानिया भेटली. फिजिओथेरपिस्ट, वय पंचविशीच्या आसपास, वडील कुवेतला, राहायला भावाच्याच गल्लीत. ती मंदाताईंना खाला, म्हणजे मावशी, म्हणायची आणि रोज येऊन वॉकर धरून उभं करायची. "खाला, टाच आधी. टाच, मग बोटं. अशा काय चालता, चोरी केल्यासारख्या?" मंदाताई आज्ञाधारक मुलीसारखं सगळं करायच्या आणि शेवटी दर वेळी एकच प्रश्न विचारायच्या. "धावाय कदी मिलंल?" सानिया म्हणायची, आधी वॉकर सुटू दे. वॉकर सुटला, काठी आली. आधी काठी सुटू दे. मला वाटायचं, एकदा स्पष्ट नाही म्हणून टाकावं, कशाला आशेला लावायचं. पण सानिया नाही म्हणत नव्हती, हो तर नाहीच नाही.

काठी हातात आल्यावर एका रविवारी त्या माझ्याबरोबर पुलापर्यंत चालत आल्या. काठी टेकत चालणाऱ्या माहेरवाशिणीवर अष्टमीत कुणी गोष्ट रचणार नव्हतं, म्हणून तेव्हा वीस पावलांची अट नव्हती. कठड्याला टेकून म्हणाल्या, "सर, त्या पयल्या दिवशी मी व्यायाम नव्हते करत."

"मग?"

"हितं येत व्हते. माहेरी. कायमची. पयली एस.टी. पकडायची म्हनून धावले."

मी म्हटलं, दादानं काही... हात वगैरे...

"छ्या! तसा असता तर बरा, कुनाला सांगता तरी आलं असतं. ह्ये बोलतच नव्हते हो. व्हय नाय नि नाय पन नाय. मी घरात हाय का नाय, ह्यानला ठाव हाय का नाय, तेच कलत नव्हतं. मागून ह्ये चार शाने बादली घेऊन आले. एस.टी. गेली. मंग काय सांगू? व्यायाम बोलले. नि खोटं पडू नये म्हनून दुसऱ्या दिवशी परत धावले." त्या हसल्या आणि मग हसू मावळलं. "त्या दिवशी गेले असते तर एकदाच गेले असते. आता रोज जाते नि रोज परत येते. जायाच नाय मिललं तर परत यायचं कुठनं, सांगा तुमी."

मला एवढंच कळलं की मी ज्याला तब्येतीचं वेड समजत होतो ते वेगळंच काही होतं, आणि आता या बाईला धावता आलं नाही तर फक्त पाय अडणार नाही.

होळीच्या सुमाराला त्या जोह्याला परतल्या. अनंतदादानं तोवर संडास बदलून घेतला होता आणि कारखान्यात कमरेएवढ्या उंचीची फळ्यांची मांडणी ठोकली होती. मंदाताईंनी खाली बसायचं नाही ना, मग गणपतीच वर घ्यायचे. सगळ्यांना ही युक्ती फार आवडली. मंदाताई उभ्या राहून आखणी करू लागल्या. रांग पूर्ण झाली, सगळे लांब जाऊन बघायला लागले आणि एकदम चपापले.

हात तोच होता, रेघ तीच. पण इतकी वर्षं मूर्तीचं तोंड त्यांच्या तोंडासमोर असायचं. आता त्या वरून बघत होत्या आणि कुणाच्याच हे लक्षात आलं नव्हतं. बुबुळं सगळी वर चढली होती. समोर उभं राहिलं तर एकही गणपती आपल्याकडे बघेना. सगळे आपल्या डोक्यावरून पलीकडे कुठेतरी, काहीतरी हरवल्यासारखे. वर्गात अवघड गणित घातल्यावर पोरं छताकडे बघतात तसे.

"गोंधलल्यात," मंदाताई म्हणाल्या. "मीच गोंधलले हाय, ते बिचारे काय करतील?" आम्ही हसलो. त्यांनी ब्रश पाण्यात ठेवला आणि घरात जाऊन खुर्चीवर बसल्या. ते डोळे अनंतदादानं पुसून पुन्हा आखले. मंदाताई त्यानंतर कारखान्यात आल्या नाहीत. पंधरा दिवस, मग महिना. सानियानं दिलेले व्यायाम बंद झाले. मी गेलो की म्हणायच्या, "बसा सर," आणि पुढे काही नाही. नवऱ्याची सवय लागली होती जणू.

अशात एका संध्याकाळी अनंतदादा माझ्या खोलीवर आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चहा विचारला तर मान हलली, म्हणजे बहुतेक नको असावा. बराच वेळ भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसला आणि मग म्हणाला, "सर, मंदाला धावू देऊ नका."

"अहो, त्या खुर्चीतून उठत नाहीत, धावतात कुठे?"

"तरी. तिला सांगा, अनंता नाय बोलतो. धावायचं नाव काढायचं नाय." आणि उठून गेला.

मला राग आला. बाई आधीच मोडलेली, त्यावर हा हुकूम. पण त्याच्याकडून पहिल्यांदाच आलेला निरोप दाबून ठेवणंही बरं वाटेना. दुसऱ्या दिवशी चाचरत सांगून टाकलं. मंदाताईंनी महिनाभरात प्रथमच नीट माझ्याकडे बघितलं.

"ह्ये बोलले? नाय बोलले?"

"हो."

"सोताहून?"

"हो ताई. माझ्या खोलीवर येऊन."

तिसऱ्या दिवशी पहाटे दार वाजलं. बाहेर मंदाताई, पायात बूट. खाली वाकून नाडी बांधता येत नाही म्हणून पुतणीकडून बांधून घेतलेली. "चला सर. चालायला. नि आजपास्नं मना धावायचं हाय, तुमी मदत करायची." मी हो म्हणालो. त्याच संध्याकाळी अनंतदादानं वाटेत विचारलं, "लक्ष हाय ना?" त्यालाही मी हो म्हणालो. दोन्ही हो खरे कसे होणार याचा विचार मी पुढे ढकलला.

व्यायाम पुन्हा सुरू झाले. कारखान्याच्या खांबाला धरून एका पायावर उभं राहणं, पाय बाजूला उचलणं, पायरी चढणं-उतरणं. सानिया फोनवरून बघायची आणि ओरडायची. शस्त्रक्रियेला सहा महिने झाल्यावर पनवेलला तपासणी झाली. डॉक्टर खूश. चाला भरपूर, म्हणाले, धावणं मात्र टाळा.

मंदाताईंनी विचारलं, "एस.टी. सुटत असंल तर?"

"सोडून द्या. दुसरी येईल."

"नि बैल मागं लागला तर?"

डॉक्टर हसले. "मग काय, धावा!"

बाहेर आल्या आल्या मंदाताई मला म्हणाल्या, "व्हय बोलला डॉक्टर." मी म्हटलं, ताई, ते बैलाबद्दल होतं. त्या म्हणाल्या, "पाय बैलासाठी वेगला आनि माझ्यासाठी वेगला असतो का?" मी सानियाला फोन केला. तिनं आधी कपाळाला हात लावला असावा, तसा आवाज आला. मग डॉक्टरांशी स्वतः बोलली आणि दोन दिवसांनी म्हणाली, "सर, खरं विचाराल तर चालणंच बरं. पण खाला ऐकणार नाही, आणि त्यांनी लपून धावण्यापेक्षा सांगून धावलेलं चांगलं. डांबरावर नको, मातीवर. एक मिनिट हळू, चार मिनिटं चालायचं. दुखलं की बंद." ही परवानगी होती की ताकीद, मला ठरवता आलं नाही.

गणपती गेले, कारखाना रिकामा झाला, भात पिवळं पडू लागलं. शेताकडे जाणाऱ्या मातीच्या वाटेवर आम्ही गेलो. या वेळी मी मागे आणि त्या पुढे. घड्याळ माझ्या हातात. "धावा," म्हटलं.

पहिली चार पावलं धावणं नव्हतंच, घाबरलेलं चालणं होतं. डावा पाय टेकवताना त्या जमिनीला विचारत होत्या, टेकू का? मग केव्हातरी विचारायचं थांबल्या. दोन्ही पाय क्षणभर हवेत गेलेले मी मागून बघितले. एक मिनिट संपलं होतं, पण मला थांबा म्हणायचं भानच राहिलं नाही. त्या आपणच थांबल्या, वळल्या. घाम होता की रडत होत्या, मला कळलं नाही. मी मात्र उघड उघड रडत होतो.

"किती झालं?"

"सव्वा मिनिट. चुकलं माझं."

"चुकू दे," त्या म्हणाल्या. "अजून एकदा घड्याल लावा."

त्यानंतर आठवड्यातून तीन दिवस. घरी विचारलं तर, "फिरून आलो." अनंतदादासमोर खोटं बोलताना माझी नजर त्या पहिल्या रांगेतल्या गणपतींसारखी वर जायची. पुढच्या उन्हाळ्यात मंदाताई कारखान्यातही बसू लागल्या, उंच खुर्चीवर. समोरचं टेबल अनंतदादानं विटा घालघालून इतकं वर घेतलं की मूर्तीचं तोंड पूर्वीसारखं बरोबर समोर यावं. डोळे उतरले जाग्यावर.

मग माझी बदली रोह्याला झाली. निघायच्या आदल्या दिवशी अनंतदादाला भेटायला गेलो. तो एका मूर्तीची सोंड पॉलिश पेपरनं घासत होता. मनावर ओझं होतं, म्हटलं जाता जाता उतरवून टाकू. "दादा, मी तुमच्याशी खोटं बोललो. ताई धावतात. वर्ष होत आलं. मीच नेतो."

"ठाव हाय," तो म्हणाला. घासणं चालूच.

"ठाऊक आहे? मग नाही कशाला म्हणाला होतात?"

त्यानं कागद खाली ठेवला. त्या माणसाला मी एवढं सलग बोलताना पुन्हा कधी ऐकलं नाही. "धाव बोललो असतो तर बोलली असती, पाय तुमचा का माझा? नि बसली असती तशीच. तिला नाय बोललं का ती उठते. मना भ्या वाटत व्हतं, सर. पन ती खुर्चीत बसलेली बघवत नव्हती." थोडं थांबून म्हणाला, "तिला सांगू नका."

म्हणजे वर्षभर मी दोघांच्या मधे उभा राहून दोघांनाही फसवतोय या समजुतीत झुरत होतो, आणि प्रत्यक्षात बनवला गेलो होतो मीच. रागावू की त्याला मिठी मारू, ते कळेना. दोन्ही न करता घरी आलो.

सकाळी मंदाताई मला निरोप द्यायला फाट्यापर्यंत आल्या. माझ्या पोटात गोष्ट राहिना. सांगितली. त्या नुसत्या हसल्या.

"ठाव हाय मना."

"तुम्हाला पण?"

"तीस वरसं जो मानूस कशालाच नाय बोलला नाय, तो तुमच्या खोलीवर जाऊन नाय बोलतो? तवाच कललं. मी त्या पायासाठी थोडीच उठले, सर. ह्ये बोलले म्हनून उठले."

"मग त्यांना तसं सांगा की!"

"नको. आपुन हिला फसवून उठवली, ह्याचं त्यानला लय बरं वाटतं. ऱ्हाऊ दे. तुमी बोलू नका." म्हणजे तिसरं वचन. तेही मी दिलं.

आता मी रोह्यात धावतो, नदीच्या कडेनं, एकटाच. महिन्यातून एकदा अनंतदादाचा फोन येतो. एवढी प्रगती झाली आहे की फोन तो स्वतः लावतो. परवा म्हणाला, "सर, तिला सांगा, गावाबाहेरच्या पुलाच्या पुढं जायचं नाय." मी मंदाताईंना फोन लावून निरोप जसाच्या तसा दिला. मग त्यांनी विचारलं, "पुलाच्या पुढं नाय, असं बोलले?"

"हो."

"म्हंजे पुलापर्यंत चालंल बोलतात," त्या म्हणाल्या. "मी तर आजून शालेच्या पुढं गेलेच नव्हते."

फोन ठेवला. मग हसत हसत बूट चढवले आणि नदीच्या कडेनं निघालो.